पंचवीस जणींचं गृह काढण्याआधी: तस्करीतून सुटलेल्या महिलांसाठी सरकारी अनुदान

प्रश्न थोडक्यात असा. नागपुरातली एक छोटी नोंदणीकृत संस्था काही वर्षांपासून गंगा-जमुना या देहविक्रीच्या वस्तीतल्या आणि आसपासच्या गल्ल्यांमधल्या बायकांसोबत काम करते. आरोग्य तपासणी, मुलांचा संध्याकाळचा वर्ग, रेशनकार्डाची कामं. आता त्यांना पोलिसांच्या धाडीत सुटलेल्या बायका-मुलींसाठी पंचवीस जणींचं निवासी गृह सुरू करायचं आहे. संस्थेच्या ताईंनी चार गोष्टी विचारल्या आहेत: सरकारी अनुदानाचा अर्ज कुठे मिळतो, साधारण किती रक्कम मिळते, कर्मचाऱ्यांचे पगार त्यातून होतात का, आणि मंजुरी आणून देतो म्हणून दहा टक्के मागणाऱ्या सल्लागाराला हो म्हणावं का.

मी विदर्भात उज्ज्वला योजनेखालचं एक गृह बरीच वर्षं चालवलं आहे (गॅसची उज्ज्वला नव्हे, तस्करीतून सुटलेल्या महिलांची). आता लहान संस्थांना फायली आणि हिशेब लावायला मदत करते. त्या अनुभवावरून लिहिते आहे.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण ते तातडीचं आहे. त्या माणसाला एक रुपयाही देऊ नका. सहायक अनुदानात प्रत्येक रुपया कुठल्या शीर्षाखाली खर्चायचा हे आधीच ठरलेलं असतं: किराणा, औषधं, भाडं, मानधन, प्रशिक्षण. सल्लागाराचा वाटा असं शीर्ष त्यात नाही. मग ते दहा टक्के किराण्याच्या खोट्या बिलांतून निघतात, नाहीतर सही पूर्ण मानधनावर घेऊन कर्मचाऱ्यांकडून परत घेतलेल्या पैशांतून. म्हणजे पहिल्या हप्त्यापासूनच बायकांच्या ताटातलं काढायची सवय लागते. प्रस्ताव तुमच्याच माणसांनी लिहावा. भाषा साधी असली तरी चालते, कागद मात्र खरे लागतात.

आता मूळ मुद्द्याकडे. तुम्ही विचारता आहात अनुदान कसं मिळेल. त्याच्या आधी ठरवायला हवं की पैसा तुमच्या संस्थेकडे यायला हवा की त्या बाईकडे. सरकारी पैसा या कामात दोन वाटांनी येतो. एक वाट संस्थेची: गृह, खाटा, कर्मचारी, जेवण. दुसरी बाईच्या स्वतःच्या नावाची: पीडित नुकसानभरपाई, लैंगिक अत्याचार पीडितांसाठीची मनोधैर्य योजना, वेठबिगार पुनर्वसनाची मदत. पहिल्या वाटेवर संस्थांची रांग लागलेली असते. दुसऱ्या वाटेवर बाईचा हात धरून चालणारं माणूस क्वचित भेटतं. तुमच्याएवढ्या संस्थेने दुसरं काम आधी हातात घ्यावं असं माझं स्पष्ट मत आहे. पण तुम्ही विचारलं आहे पहिलीबद्दल, तर ते आधी सांगते.

उज्ज्वला योजना ४ डिसेंबर २००७ला सुरू झाली. तस्करीला प्रतिबंध, सुटका, पुनर्वसन, समाजात पुन्हा सामावून घेणं आणि परदेशी पीडितांना मायदेशी पाठवणं असे तिचे पाच भाग होते. अडचणीतल्या महिलांसाठी स्वाधार गृह ही वेगळी योजना होती. १ एप्रिल २०२२पासून केंद्राने दोन्ही एकत्र करून 'शक्ती सदन' केलं. ते 'मिशन शक्ती'च्या 'सामर्थ्य' या उपयोजनेत येतं. खर्चात केंद्राचा वाटा ६० टक्के आणि महाराष्ट्राचा ४० टक्के. मिशन शक्तीचा मंजूर कालावधी २०२५-२६पर्यंतचा होता, त्यामुळे जुन्या मार्गदर्शक सूचनांची कुणी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेली पीडीएफ धरून बसू नका. जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयातून सध्या लागू असलेला शासन निर्णय मागून घ्या आणि त्याचीच प्रत फायलीत लावा. नेमकी रक्कम मी इथे लिहीत नाही ती याच कारणाने. दर योजनेच्या चक्राबरोबर बदलतात, आणि मंजूर क्षमतेवर, भाड्याच्या इमारतीवर, पदांच्या आकृतिबंधावर (किती आणि कोणती पदं मंजूर आहेत त्यावर) ठरतात.

या बदलाचा तुमच्यासाठी अर्थ असा की संस्थेने थेट दिल्लीला अर्ज करायचा आणि तिकडून मंजुरी आणायची, असं आता नाही. राज्य सरकार वार्षिक आराखड्यात सांगतं की आम्हाला अमुक जिल्ह्यात इतकी शक्ती सदनं हवीत, दिल्लीतलं कार्यक्रम मान्यता मंडळ त्यावर निर्णय घेतं, आणि गृह चालवायला संस्था निवडायची की स्वतः चालवायचं हे राज्य ठरवतं. तुमचा कागद जिल्ह्यातून विभागीय उपायुक्तांकडे, तिथून पुण्याच्या आयुक्तालयात, तिथून मंत्रालयात जातो. म्हणून अर्जाचा छापील नमुना शोधण्यापेक्षा नागपूर जिल्ह्याची गरज कागदावर दाखवणं हे तुमचं पहिलं काम. गेल्या तीन वर्षांत शहर पोलिसांच्या सामाजिक सुरक्षा विभागाने आणि मानवी तस्करी प्रतिबंधक कक्षाने किती महिलांची सुटका केली, त्यांना कुठे ठेवलं, किती जणींना जागा नाही म्हणून दुसऱ्या जिल्ह्यात पाठवावं लागलं. तोंडी सांगत नसतील तर माहिती अधिकारात विचारा, नावं न मागता. जागा असूनही खाटा रिकाम्या राहत असतील तर नवं गृह मंजूर होणं कठीण, आणि खरं सांगायचं तर तेव्हा ते मागूही नये.

पात्रतेचे कागद तुमच्याकडे बहुतेक असतीलच: संस्था व न्यास नोंदणी, मागच्या तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब, धर्मादाय कार्यालयात वेळेवर दाखल केलेले बदल अर्ज, एनजीओ दर्पण या संस्थांच्या सरकारी पोर्टलचा क्रमांक, पीएफएमएस या सरकारी पैसे वाटपाच्या प्रणालीवरची नोंदणी. विश्वस्त बदलूनही बदल अर्ज प्रलंबित असलेल्या संस्था मी इतक्या पाहिल्या आहेत की हे आजच तपासा म्हणते.

यापुढचा भाग प्रस्तावात लोक दोन ओळींत उरकतात, आणि गृह पुढे अडकतं ते इथेच. तुमच्याकडे येणार कोण?

रात्री अकराला धाड पडते. चार जणी सुटतात. त्यातली एक सांगते माझं वय एकोणीस. तिला तसंच सांगायला शिकवलेलं असतं. पीटा कायद्यात (अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायद्यात) धाडीनंतर वय ठरवण्यासाठी वैद्यकीय तपासणीची तरतूद आहे आणि बाल न्याय अधिनियमाच्या कलम ९४मध्ये क्रम दिला आहे: आधी शाळेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र, मग पालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, हे काहीच नसेल तर हाडांची तपासणी. ती अठराच्या आतली निघाली तर तुमच्या महिला गृहात ती राहू शकत नाही. चोवीस तासांच्या आत बाल कल्याण समितीपुढे न्यावं लागतं, आणि ठेवायचं झालं तर कलम ४१खाली नोंदणी असलेल्या बालगृहात. त्याचं अनुदानही वेगळं, मिशन वात्सल्य या बालकांच्या योजनेतून. तुम्ही प्रश्नात 'बायका-मुली' असं एका दमात लिहिलं आहे. कायदा आणि पैसा दोन्ही बाबतींत हे दोन वेगळे दरवाजे आहेत. एका गृहात दोन्ही करू म्हणणारा प्रस्ताव पहिल्या तपासणीत परत येतो.

प्रौढ महिलांमध्येही दोन प्रकार. एक, ज्यांना दंडाधिकारी पीटाच्या कलम १७खाली तुमच्याकडे पाठवतात. दुसऱ्या, ज्या स्वतः येतात किंवा सखी वन स्टॉप सेंटर या संकटातल्या महिलांच्या मदत केंद्रातून येतात, कारण तिथे मुक्काम पाच दिवसांपुरताच असतो. न्यायालयाने पाठवलेल्या बाईला ठेवायचं तर तुमची जागा कलम २१खाली परवाना मिळालेलं संरक्षणगृह हवी. हा परवाना राज्य सरकार देतं आणि योजनेच्या मंजुरीबरोबर तो आपोआप येत नाही, त्याचा अर्ज स्वतंत्र करावा लागतो. आणि मग एकाच छताखाली एक बाई अशी असते की तिला संध्याकाळी भाजी आणायला जाता येतं आणि शेजारच्या खाटेवरची अशी की तिला न्यायालयाच्या आदेशाशिवाय फाटकाबाहेर पाऊल टाकता येत नाही. या दोघींचं रोजचं आयुष्य कसं लावणार, याचं उत्तर तुमच्या अधीक्षिकेकडे पहिल्या दिवसापासून हवं.

इथे मला मनापासून एक गोष्ट सांगायची आहे. गृहाचं अनुदान खाटांवर चालतं. उपस्थिती कमी झाली की पुढच्या हप्त्यावर प्रश्न येतो. त्यामुळे संस्थेच्या नकळत तिचं हित बाई आत राहण्यात गुंतायला लागतं. कलम १७ दंडाधिकाऱ्यांना एक ते तीन वर्षं ठेवण्याचा अधिकार देतं, पण तो चौकशीनंतर, आणि काळजी-संरक्षणाची गरज आहे असं पटल्यावर. सप्टेंबर २०२०मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तीन प्रौढ महिलांना अशाच गृहातून सोडताना म्हटलं की देहविक्री करणं हा स्वतःहून गुन्हा नाही आणि प्रौढ स्त्रीला कुठे राहायचं ते ठरवायचा हक्क आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९ मे २०२२च्या आदेशात राज्यांना संरक्षणगृहांची पाहणी करून इच्छेविरुद्ध ठेवलेल्या प्रौढ महिलांच्या सुटकेची कालबद्ध प्रक्रिया करायला सांगितलं. म्हणून दर महिन्याच्या बैठकीत प्रत्येक प्रवेशितेच्या नावापुढे एकच रकाना ठेवा: ती आज इथे का आहे? आदेश आहे, की घरी धोका आहे, की तिला शिकायचं आहे, की फक्त गृहभेट अहवाल (तिच्या घरच्या पाहणीचा) आला नाही म्हणून? शेवटचं कारण नागपुरात फार असतं. आपलं स्टेशन दिल्ली-चेन्नई आणि मुंबई-हावडा दोन्ही मार्गांवरचं. सुटलेल्या महिला बालाघाट, छिंदवाडा, रायपूर, कधी त्याहून लांबच्या असतात. अहवाल तिकडच्या अधिकाऱ्याने द्यायचा आणि पाठपुरावा कुणाचाच नाही. संस्थेने फोन, ईमेल, गरज पडली तर स्वतःचं माणूस पाठवून तो आणवला तर बाईचे महिने वाचतात.

पैसा हातात कसा येतो तेही समजून घ्या. तो आता एका नोडल खात्यातून येतो. तुमचं खातं शून्य शिल्लक असतं, मर्यादा मंजूर होते आणि खर्च केला की त्या मर्यादेतून उतरतो. पूर्वी हप्ता एकदम जमा व्हायचा. उशिराचं दुखणं मात्र दोन्ही पद्धतींत तेच. आर्थिक वर्ष एप्रिलला सुरू होतं, मागच्या वर्षाचं उपयोगिता प्रमाणपत्र (पैसे ठरल्या कामावरच खर्चले असा दाखला) तपासून, राज्याचा वाटा मिळून, पैसा खाली उतरेपर्यंत पावसाळा संपलेला असतो, कधी थेट मार्च उजाडतो. त्या काळात किराणेवाला, घरमालक आणि रात्रपाळीची काळजीवाहक थांबत नाहीत. निदान सहा महिन्यांचा पूर्ण खर्च संस्थेच्या स्वतःच्या पैशांतून चालवायची तयारी नसेल तर गृह सुरू करू नका. स्थानिक कंपन्यांच्या सीएसआरमधून (सामाजिक जबाबदारीच्या निधीतून) हा खड्डा भरता येतो, पण सीएसआरवाल्यांना शिलाई मशीन द्यायला आवडतं, किराण्याचं बिल नाही. त्यांच्याशी आधीच नीट बोला.

पगारांचं उत्तर: होय, होतात, पण मंजूर पदांचे आणि मंजूर मानधनाइतकेच. संस्थेच्या अध्यक्षांना, ऑफिसच्या जुन्या क्लार्कला, वस्तीतल्या वर्गाच्या शिक्षिकेला त्यातून देता येत नाही. शीर्षं आपसांत फिरवता येत नाहीत. प्रशिक्षणाचे वाचले म्हणून समुपदेशकाला जास्त दिले, तर ती रक्कम लेखापरीक्षणात अमान्य होते आणि संस्थेच्या खिशातून परत भरावी लागते. चांगली समुपदेशक त्या मानधनात टिकत नाही, ही या योजनेची जुनी जखम आहे. वरचा फरक देणगीतून द्यायचा असेल तर वेगळ्या खात्यातून, वेगळ्या व्हाउचरने द्या.

नोंदवह्यांबद्दल एकच उदाहरण देते, कारण तपासणीला येणारा माणूस नेमकं हेच बघतो. समजा गृहात बावीस जणी आहेत. एक बाळंतपणासाठी डागा रुग्णालयात दाखल, तिच्यासोबत एक काळजीवाहक. हजेरीपटात त्या दिवशी गृहात एकवीस आणि रुग्णालयात एक अशी नोंद हवी. किराणा वाटप वहीत एकवीस ताटं. रुग्णालयातल्या बाईच्या दूध-फळांचा खर्च वैद्यकीय शीर्षाखाली, दाखल कागदाच्या झेरॉक्ससह. बाहेर जाण्याच्या नोंदवहीत दोघींची वेळ आणि कुणाच्या परवानगीने गेल्या ते. कर्मचारी हजेरीत काळजीवाहक 'बाहेर ड्युटी'. पाच वह्या, एकच दिवस, आणि पाचही एकमेकींशी जुळल्या पाहिजेत. ज्या गृहात महिनाअखेरीला बसून सगळे रकाने एकाच पेनने भरतात तिथे हे कधी जुळत नाही. वर्षाअखेरीला उपयोगिता प्रमाणपत्र केंद्राच्या वित्तीय नियमांतल्या जीएफआर १२-ए नमुन्यात द्यायचं, सनदी लेखापालाच्या सहीने. अनुदानावर व्याज जमा झालं असेल तर ते संस्थेचं नसतं, शासनाला परत करायचं असतं. शे-दीडशे रुपयांच्या व्याजासाठी त्रुटीपत्र येतं आणि त्या कागदासाठी पुढचा हप्ता महिनोन्‌महिने अडतो.

इथवरचं थोडक्यात: संस्थेच्या अनुदानाला अर्जाआधी जिल्ह्याची गरज सिद्ध करावी लागते, मुलींसाठी आणि प्रौढांसाठी वेगळे कायदे आणि वेगळ्या योजना आहेत, कलम २१चा परवाना स्वतंत्र घ्यायचा, आणि सहा महिने स्वतःच्या पैशावर तग धरता आला पाहिजे. यातलं काही तुमच्याकडे आज नसेल तरी तुम्ही रिकाम्या हाताने बसायचं कारण नाही.

कारण दुसरी वाट. बाईच्या नावाचा पैसा.

त्याची सुरुवात एफआयआरमध्ये होते. धाडीनंतर पोलीस सवयीने फक्त पीटाची कलमं लावतात. तस्करीचं कलम, पूर्वीचं भारतीय दंड संहितेचं ३७० आणि १ जुलै २०२४पासून भारतीय न्याय संहितेचं १४३, गळून पडतं. मग पुढे ती बाई तस्करीची पीडित आहे हे प्रत्येक कार्यालयात नव्याने सिद्ध करावं लागतं. तुमची कार्यकर्ती पहिल्या चोवीस तासांत तिच्याशी शांतपणे बोलली, तिला कुणी आणलं, काय सांगून आणलं, पैसे कुणी घेतले, कर्ज दाखवलं का, हे जबाबात नीट यावं म्हणून तिच्यासोबत बसली, तर तेवढ्याने फार फरक पडतो. मुलगी अठराच्या आतली असेल तर पोक्सो (बालकांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा) लागलाच पाहिजे.

त्यानंतर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण. सिव्हिल लाइन्सच्या न्यायमंदिरात त्याचं कार्यालय आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (पूर्वीच्या सीआरपीसीच्या जागी आलेल्या) कलम ३९६खाली पीडित नुकसानभरपाईचा अर्ज तिथे होतो. आरोपी सापडला नसला, खटला उभा राहिला नसला तरी अर्ज करता येतो आणि अंतरिम मदतही मागता येते. बलात्कार किंवा बालकांवरच्या लैंगिक अत्याचाराचा गुन्हा असेल तर महाराष्ट्राची मनोधैर्य योजना आहे, २ ऑक्टोबर २०१३पासूनची. २०१७च्या सुधारणेनंतर तिची कमाल मर्यादा १० लाख रुपये झाली आणि तीही याच प्राधिकरणाकडे आली. तस्करी आणि व्यावसायिक लैंगिक शोषणाच्या पीडितांसाठी राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाची २०१५ची स्वतंत्र योजना आहे. तिच्या आधारे वकील आणि विधी स्वयंसेवक मागता येतात. तुमच्या वस्तीतल्या दोन कार्यकर्त्यांनी विधी स्वयंसेवक म्हणून नाव नोंदवलं तर त्यांना मानधनही मिळतं आणि फायलीपर्यंत पोहोचही.

तस्करी म्हणजे फक्त देहव्यापार नाही, हेही लक्षात ठेवा. आपल्या भागात छत्तीसगड, मध्य प्रदेश, ओडिशातून उचल (मजुरीची आगाऊ रक्कम) देऊन आणलेली कुटुंबं वीटभट्टीवर अडकतात. वेठबिगार पुनर्वसनाच्या केंद्रीय योजनेत तातडीची मदत ३० हजार रुपयांपर्यंत, आणि पुढे पुरुषाला १ लाख, स्त्रिया व मुलांना २ लाख, तस्करी किंवा लैंगिक शोषणासारख्या टोकाच्या प्रकरणांत ३ लाख अशी तरतूद आहे. यासाठी उपविभागीय अधिकाऱ्याचं किंवा जिल्हाधिकाऱ्याचं मुक्ती प्रमाणपत्र लागतं. एका भट्टीवरच्या सुटकेत या प्रमाणपत्राचा कार्यालयाने तयार केलेला मसुदा मी पाहिला. कुटुंबप्रमुख म्हणून फक्त नवऱ्याचं नाव, खाली 'सोबत पत्नी व दोन अपत्ये', आणि शेवटी 'मजूर स्वेच्छेने स्वगावी परत जात आहेत' असं वाक्य. त्या एका कागदाने बायकोचा आणि मुलांचा हक्क गेला असता, आणि 'स्वेच्छेने' या शब्दाने नवऱ्याचाही. आम्ही तिथेच बसून चार स्वतंत्र प्रमाणपत्रांची मागणी लेखी दिली, उचल किती दिली, किती महिने मजुरी रोखली, बाईने सांगितलेला मुकादमाचा त्रास, सगळं जबाबात आलं. संध्याकाळी गाडी होती, कुटुंबाला घरी जायची घाई होती, तहसीलच्या क्लार्कलाही. तरी कागद बदलून घेतला. पुढे त्यांच्या जिल्ह्यात पाठपुरावा वर्षभर करावा लागला, कारण अंतिम रक्कम वेठबिगारी सिद्ध होण्याशी आणि न्यायालयीन प्रक्रियेशी जोडलेली असते. पण कागद बरोबर असेल तरच पाठपुराव्याला काही अर्थ राहतो.

आणि बँक खातं. हे फार साधं वाटतं. ऑक्टोबर ते डिसेंबर २०२०मध्ये राज्याने देहविक्री करणाऱ्या महिलांना दरमहा ५,००० रुपये आणि शाळेत जाणारी मुलं असलेल्यांना आणखी २,५०० रुपये दिले. ज्यांचं स्वतःचं खातं चालू होतं त्यांचा प्रश्न नव्हता. बाकीच्यांचं खातं कोण उघडणार, कुणाच्या नावावर, यातच दिवस गेले. शक्ती सदनातही प्रवेशितेच्या खात्यात दरमहा ५०० रुपयांपर्यंत जमा करायची तरतूद आहे, ती खात्याअभावी वाया जाते. आधारसाठी पत्त्याचा पुरावा नाही म्हणून अडलेल्या देहविक्री करणाऱ्या महिलांसाठी सर्वोच्च न्यायालयाने २०२२च्या त्याच आदेशात मार्ग काढला आहे: नॅकोच्या (राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या) राजपत्रित अधिकाऱ्याचं किंवा राज्य एड्स नियंत्रण संस्थेच्या प्रकल्प संचालकांचं विहित नमुन्यातलं प्रमाणपत्र, आणि त्यात तिचा व्यवसाय उघड न करणं. तुमच्या वस्तीत हे काम आजपासून करता येईल. ऑगस्ट २०२१मध्ये पोलिसांनी गंगा-जमुना सील केल्यानंतर अनेकजणी भाड्याच्या खोल्यांमध्ये शहरभर विखुरल्या. त्यांच्यापर्यंत विश्वासाने पोहोचू शकणारी संस्था म्हणून तुमची जी किंमत आहे, ती कुठल्याही नव्या गृहाला पहिली काही वर्षं येणार नाही.

म्हणून माझा सल्ला असा. पहिली दोन वर्षं गृह काढू नका. सध्या चालू असलेल्या शासकीय किंवा अनुदानित गृहाशी लेखी सहकार्य करा: तुमची केस वर्कर आठवड्यातून ठरलेल्या दिवशी तिथे जाईल, भरपाईचे अर्ज, आधार, बँक, गृहभेट अहवालांचा पाठपुरावा बघेल. पीटाच्या कलम १७(५)मध्ये दंडाधिकाऱ्यांना मदत करायला पाच जणांचं मंडळ नेमायची तरतूद आहे, त्यात शक्यतो तीन स्त्रिया. त्यासाठी तुमच्यातल्या अनुभवी ताईंची नावं सुचवा. गृहातून बाहेर पडलेल्या बाईसाठी दोन खोल्यांचं भाड्याचं घर, नोकरी लागेपर्यंत चार-पाच महिने, हे सीएसआरमधून जमतं आणि याची गरज गृहापेक्षा मोठी आहे. हे काम कागदावर नीट नोंदवलंत तर पुढे राज्याने शक्ती सदनासाठी संस्था मागवल्या तेव्हा तुमच्याकडे अनुभवाचा पुरावा असेल.

परिस्थिती वेगळी असेल तर उत्तरही बदलेल. नागपूरच्या महिला खरोखरच जागेअभावी दुसऱ्या जिल्ह्यांत जात असतील, तुमच्याकडे सहा महिन्यांचा पैसा असेल, आणि रात्री गृहात राहायला तयार असलेली, पोलीस आणि न्यायालय दोन्ही सांभाळू शकणारी अधीक्षिका असेल, तर जरूर मागा. या तिन्हींत अधीक्षिका मिळणं सगळ्यात अवघड.

एक सावधगिरी दोन्ही वाटांवर लागू. अहवालात बाईचा फोटो, नाव, गाव, केस क्रमांक एकत्र देऊ नका, कुणी कितीही 'लाभार्थ्यांचे फोटो जोडा' म्हणालं तरी. बलात्कार पीडितेची ओळख उघड करणं न्याय संहितेच्या कलम ७२खाली गुन्हा आहे, मुलींच्या बाबतीत पोक्सो आणि बाल न्याय अधिनियमही मनाई करतात. सांकेतिक क्रमांक द्या, मूळ यादी कुलपात ठेवा आणि अधिकाऱ्याला कार्यालयात येऊन बघायला सांगा.

कार्यालयात कधी जायचं तेही बघा. डिसेंबरात विधिमंडळाचं अधिवेशन नागपुरात असतं, तेव्हा महिला व बाल विकासची सगळी माणसं तारांकित प्रश्नांच्या उत्तरांत बुडालेली असतात, आणि मार्चमध्ये बिलांत. जून-जुलैमध्ये जा. पहिल्या भेटीला प्रस्ताव नेऊ नका. वस्तीतल्या कामाचं एक पान, तीन वर्षांचे ताळेबंद आणि केस वर्करला गृहात काम करू द्यावं अशी विनंती, एवढंच न्या. दोन प्रती न्या, आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय टेबलावरून उठू नका.